बोंद्र्यांचा तांब्या

‘बोंद्र्यांनी मास्तरांचा मामा केला. भट्टीचे घर म्हणून मास्तरांना भिवविले, आणि मग गुपचूप स्वतःच घेतले!’

ही कथा शहरभर, धंतोलीपासून जरीपटक्यापर्यंत, रंगवून सांगितली जाते. सदाशिव बोंद्रे वारल्यापासून तर तिला तिखटमीठ अधिकच लागले आहे. त्यातील मास्तर म्हणजे मी. पस्तीस वर्षे ज्याने वर्गातील एकाही वात्रटाला आपल्यावर हसू दिले नाही, त्याच्या बावळटपणाची ही गोष्ट मी हयात असताना खपवून घेणार नाही.

बोंद्रे माझे शेजारी. जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत कारकून. लग्न केले नव्हते. कोणाला घर घ्यायचे असले की लोक बोंद्र्यांना बोलावीत, आणि बोंद्रे हातात पाण्याने भरलेला तांब्या घेऊन जात. तो तांब्या पाहून पुष्कळसे घरमालक त्यांना अदबीने परसाची वाट दाखवीत.

‘‘मले तिकडं नाही जायचं गा,’’ असे म्हणून ते थेट न्हाणीत शिरत, भिंतीवर ओंजळभर पाणी मारीत आणि ओल्या भिंतीला नाक लावून डोळे मिटीत.

दारूबंदीच्या काळात शहरातील अनेक घरांच्या न्हाण्यांत मोहाच्या हातभट्ट्या चालत. पुढे तीच घरे चुना फासून सोज्ज्वळ मुद्रेने विक्रीस निघाली. भिंत ओली झाली की आंबलेल्या मोहाचा वास परत देते, असा बोंद्र्यांचा सिद्धांत होता. ‘‘मालकाले काय पुसता? भिंतीले पुसा!’’ हे त्यांचे पालुपद. मग छतावर रुमाल घासून काजळी पाहायची. टाचेने फरशी ठोकून खाली रांजण गाडलेले आहेत काय ते ऐकायचे. दारूत घालायच्या नवसागराने खाल्लेल्या बिजागऱ्या चाचपायच्या. आणि अंगणात गवताची काडीही उगवत नाही असा तुकडा शोधायचा. एका तारबाबूने त्यांचे ऐकले नाही. पुढे वर्षभर त्याच्या दाराशी भट्टीवालीची जुनी गिऱ्हाइके रिकाम्या बाटल्या घेऊन ‘‘बाई हाय का?’’ असे विचारीत येत होती.

या विद्येबद्दल बोंद्रे काही घेत नसत. लोक त्यांना शिरा खाऊ घालीत. मी त्याच लोकांची मुले शिकविली. मला चहा मिळे, तोही बशीत सांडलेला. होय, मला त्यांचा मत्सर वाटे. तो मी लपविलेला नाही, आणि आज लपविण्याचे वयही राहिलेले नाही. त्यातही एक गोष्ट मला विशेष झोंबे. घर स्वच्छ निघाले की या गृहस्थाचे तोंड उतरे. ‘‘साफ आहे. घ्या,’’ असे पुटपुटून ते शिराही अर्धा टाकून निघून जात. दुसऱ्याला चांगले घर मिळाल्याचे यांना सोसत नाही, असे निदान मी केले. स्वतःच्या रोगाचे निदान माणूस दुसऱ्याच्या नाडीवर किती चटकन करतो!

निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना मला जरीपटक्याच्या अलीकडे एक कौलारू घर मनापासून आवडले. जन्मभर भाड्याच्या खोल्यांत काढलेल्या माणसाला स्वतःचे दार म्हणजे काय वाटते, ते दारवाल्यांना कळायचे नाही. पण आमची गृहलक्ष्मी अडून बसली. ‘‘बोंद्रे भाऊजींनी पाहिल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही.’’

बोंद्रे आले. न्हाणीत शिरले. पाणी मारले. एरवी दोन मिनिटांत निकाल देणारा हा माणूस बराच वेळ बाहेर येईना, म्हणून मी डोकावलो. भिंतीवर एका ठिकाणी पंजा टेकवून ते उभे होते. ओल तपासत असावेत, असे मला वाटले.

‘‘काय निघाले?’’

‘‘भट्टीचं घर आहे, मास्तर. नका घेऊ.’’

‘‘अहो, पण चुना मारून—’’

‘‘मी पाया पडतो तुमच्या. हे घर नका घेऊ गा.’’

मी घेतले नाही. तीन महिन्यांनी ते घर बोंद्र्यांनी घेतले.

त्यानंतर नऊ वर्षे मी त्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही. दर दिवाळीला ते फराळाचा डबा पाठवीत. मी तो न उघडता परत पाठवी. आमची गृहलक्ष्मी तो वाटेत उघडी, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

ते वारल्यावर मी त्या घरात पुन्हा पाऊल ठेवले. ओसरीवर जमलेली मंडळी माझ्यादेखत तीच कथा चघळत होती. तेव्हा पलीकडच्या घरातील म्हाताऱ्या गंगाबाई कडाडल्या.

‘‘काहून मेल्या माणसाले बोल लावता गा? सदाची माय याच घरात भाड्यानं राहे. नवरा मेला, तं भट्टी लावून पोराले पोसलं तिनं. धाड पडली, बाईले धरून नेलं, ते काही जित्ती परतली नाही. पोरगं सहा वर्षांचं. मामानं पारशिवनीले नेलं. मोठा होऊन आला, तं मामा मेलेला, गल्लीचं नाव नाही याद, घर नाही याद. मले सांगे, मावशी, मी तं लोकाईच्या घरात माह्यं घर पाहून राहिलो होतो.’’

 पण एकजण पुटपुटलाच, ‘‘म्हातारीचं काय, काहीही सांगेल.’’

त्या शंकेखोरासाठी हे लिहितो आहे. गंगाबाईंच्या स्मरणशक्तीवर मी विसंबलो नाही. उठून न्हाणीत गेलो. आपल्याकडे बाया सणाला चुलीमागच्या भिंतीवर ओल्या पिठाच्या हाताचे थापे उमटवितात. ज्या चुलीने पोसले तिचा तो मान. बोंद्रे दरसाल अख्खे घर चुन्याने पांढरे करीत. न्हाणीच्या भिंतीवर मात्र परातीएवढा तुकडा जुना चुना खरवडून काळाच ठेवलेला होता, आणि त्या काजळीत पिठाचे दोन थापे होते: एक बाईच्या हाताचा, आणि त्याला चिकटून एक सहा वर्षांच्या मुलाचा.