अक्कांची पर्स

सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, परदेशात राहणाऱ्या मुलीच्या घरी सोफ्यावर बसल्या बसल्या कलमरावांनी एक लहानसा निर्णय घेतला, आणि त्यांच्या निवांत निवृत्तीला घरघर लागली. (कलमराव हे त्यांचे खरे नाव नव्हे. कचेरीत हेडक्लार्की करण्यात जन्म गेल्यामुळे ते भांडणसुद्धा कलम-पोटकलम पाडूनच करीत. सबब घरच्यांनी हे नाव बहाल केले होते.)

निर्णय असा, की घरी परतताना एकही वस्तू नवी न्यावयाची नाही.

ह्यास कारण झाली कस्टम्सची माहितीपत्रिका. तिच्या दुसऱ्या कलमात लिहिले होते, 'प्रवाशाच्या स्वतःच्या वापरातील वस्तूंस शुल्क माफ.' तिसरे कलमही होते. परंतु तेवढ्यात मुलीने चहा आणला, आणि पत्रिका कपाखाली गेली.

"एकदा वापरलं, की झालं!" कलमराव म्हणाले.

"बाबा, तुम्ही लोकांसाठी घेतलेल्या भेटी वापरणार?" मुलीने विचारले.

"नियमाप्रमाणे."

त्या दिवसापासून त्या घरात जे सुरू झाले, ते पाहून जावई कामावरून उशिरा येऊ लागला. शेजाऱ्यांसाठी घेतलेल्या टॉवेलांनी कलमराव आळीपाळीने अंग पुसू लागले. मेहुण्यासाठी घेतलेले बूट त्यांना दोन नंबर लहान होते. ते घालून ते रोज फेरफटक्यास जात आणि बागेच्या कठड्याला धरून डोळे मिटून उभे राहत. पत्नीने हे सारे मुकाट्याने सोसले. परंतु कपाटातील तपकिरी कातडी पर्सकडे त्यांचा हात वळताच ती आडवी आली.

"अहो, ती अक्कांची आहे. तिला बोट लावाल तर याद राखा!"

अक्का म्हणजे कलमरावांची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. आईमागे तिनेच त्यांना वाढविले, पाढे शिकविले, प्रसंगी कानही पिळला. काही वर्षांपूर्वी तिच्या निवृत्तीच्या समारंभात कलमरावांनी तिला उत्तम थर्मास भेट दिला होता. तो खरोखर उष्णता राखतो किंवा नाही, ह्याची त्यांनी आदल्या आठवड्यात घरी खात्री करून घेतली होती. भर समारंभात अक्कांनी झाकण उघडले, तो आत घोटभर चहा, आणि त्यावर बुरशी. त्या दिवसापासून अक्का त्यांच्याशी बोलत नसे. समोर बसलेल्या भावाला पंखा लावण्यास सांगायचे झाले, तरी ती त्यांच्या पत्नीस म्हणे, "तुझ्या नवऱ्याला सांग." तिच्या तोंडून एकदा 'अरे' ऐकावे, एवढीच कलमरावांची आता इच्छा उरली होती. ती पर्स त्यासाठीच होती.

"म्हणूनच सांगतो," ते काकुळतीने म्हणाले, "विमानतळावर ती जप्त झाली तर?"

ह्या 'जप्त' शब्दापुढे पत्नीचे काही चालले नाही. पर्स वापरात आली. कलमरावांनी तिच्यात रुमाल, कंगवा व खोकल्याच्या गोळ्या भरल्या, आणि ती खांद्यास लावून ते पावाच्या दुकानात जाऊन आले. दुकानदाराने पाव दिला आणि दारात येऊन, ते वळणाआड जाईपर्यंत, त्यांना न्याहाळले.

परतीच्या दिवशी विमानतळावर दोन वाटा होत्या. काही सांगावयाचे नसेल त्यांना हिरवी, असेल त्यांना लाल. सारे प्रवासी हिरवीने सरळ चालते झाले. कलमराव नियमाचे पक्के. ते लंगडत लाल वाटेने गेले. (बूट अद्याप पायांतच होते.) शिवाय विमानात झोप लागण्यापूर्वी त्यांनी खालची कवळी काढून 'सुरक्षित जागी' ठेवली होती, आणि ती जागा आता आठवत नव्हती.

कस्टम्सची अधिकारी मुलीच्याच वयाची होती. तिने टॉवेल उचलला, हुंगला, आणि लगबगीने खाली ठेवला.

"काका, हे सगळं वापरलेलं आहे?"

"सगळं. माझ्या स्वतःच्या वापरातलं."

"ही लेडीज पर्स?"

कलमरावांनी पत्नीकडे पाहिले. पत्नी छताकडे पाहत होती.

"माझीच," ते म्हणाले.

"रोज वापरता?"

"फक्त बाहेर जाताना."

अधिकारी काही वेळ पाठ फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मग वळून ती म्हणाली, "अहो काका, नवं असतं तरी काही हरकत नव्हती! भेटवस्तूंना ठरावीक किमतीपर्यंत सूट असते, आणि तुमचं सामान त्याच्या निम्म्या किमतीचंही नाही. तिसरं कलम नाही का वाचलंत?"

टॅक्सी घराशी पोचल्यावर पत्नी म्हणाली, "चहा आला होता, नाही का?"

पुढचे दिवस कलमरावांनी दुधात पाव बुडवून व कवळी शोधून काढले. शेजाऱ्यांनी टॉवेल परत पाठविले. मेहुण्याने, फाकलेले बूट पाहून, पायांची विचारपूस केली. पत्नीने पर्स रिकामी केली, पुसली, उन्हात ठेवली; कलमरावांनी पर्सला बुटाचे पॉलिश लावून ती आणखी बिघडविली.

अखेर जुलैच्या पहिल्या रविवारी दोघे अक्कांकडे गेले. अक्कांनी चष्मा सावरला, पर्स हाती घेऊन नाकाशी नेली आणि एकेक कप्पा तपासण्यास सुरुवात केली. वह्या तपासताना तिची अशीच मुद्रा होत असे. आतल्या बाजूस, अस्तरात, एक चोरकप्पा होता. तो पत्नीच्या ध्यानात आला नव्हता. अक्कांनी त्याची चेन ओढली, दोन बोटे आत घातली, आणि कलमरावांची खालची कवळी टेबलावर ठेवली.

पत्नीला ते पाहवेना. तिने सोफ्यापासून लाल वाटेपर्यंत सारी हकीकत एका दमात सांगून टाकली.

अक्का, इतक्या वर्षांनी, थेट भावाकडे पाहून म्हणाली,

"अरे, थर्मासात निदान चहा तरी होता!"

कलमरावांच्या डोळ्यांत पाणी आले. "अक्का, तू बोललीस!"

"आधी ती कवळी धुऊन तोंडात घाल, मग रड. एक शब्द कळत नाहीये." तिने आतून तोच थर्मास आणला आणि तिघांसाठी चहा ओतला. वाफा निघत होत्या.

निघताना कलमरावांनी पर्स हळूच टेबलावर ठेवली. अक्कांनी ती उचलून त्यांच्या हाती दिली.

"सरकारी अधिकाऱ्यापुढे तुझी म्हणून सांगून आलास ना? मग ती तुझीच. खांद्याला लाव, आणि असाच घरी जा."

थोरल्या बहिणीची आज्ञा मोडण्याची सोय कोणत्याही कलमात नव्हती. त्या रविवारी संध्याकाळी कलमराव भर रस्त्याने लेडीज पर्स खांद्यास लावून घरी आले. पत्नी मात्र आपला त्यांच्याशी काही संबंध नाही, अशा बेताने समोरच्या फुटपाथवरून चालत होती.