केकखालचं मीठ

घरत मावशी केक झाला की नाही हे सुरी खुपसून बघत नाहीत, ऐकून ठरवतात. टोपाचं झाकण बोटभर सरकवायचं, वीतभर अंतरावर डोकं तिरकं करायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. आतून बारीक चुरचुर येत असते. "आजून बोलतोय," असं म्हणून त्या झाकण लावतात. पाच मिनिटांनी पुन्हा कान. "गप जाला. गॅस बंद कर." मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे सुरुवातीला घड्याळ लावून त्यांची चूक पकडायचा प्रयत्न केला. वर्षभराने नाद सोडला.

करंजाड्याला आमचे दरवाजे समोरासमोर. सांगली सोडून आम्ही इथे राहायला आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. दारात नऊवारीतल्या, ठेंगण्या, अनोळखी बाई.

"तुमी कितीजन?"

मला वाटलं, जनगणना. म्हटलं, तिघं.

"आंडं खाता?"

"खातो."

"बरं," म्हणून त्या गेल्या. संध्याकाळी ताटलीतून केकचे तीन तुकडे आले, नारळाचे आणि जायफळाच्या वासाचे. मजल्यावरची माणसं मोजल्याशिवाय मावशी केकला सुरी लावत नाहीत. आमच्याकडे पाहुणे आले की आमच्याआधी त्यांना आकडा ठाऊक असतो.

पाककृती त्या पेपरच्या पुरवण्यांमधून कापतात आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवतात. करायच्या दिवशी कात्रण भिंतीला टेकवून उभं करतात आणि त्याच्याशी भांडतात. "दोनशे ग्राम लोनी? लिवनाऱ्याचं काय जातंय!" लोण्याच्या जागी नारळाचं दूध जातं, मैद्यात तांदळाचं पीठ शिरतं, साखरेच्या जागी गूळ येतो. "आपल्या मापानं करूया," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हे माप म्हणजे कान तुटलेला एक चहाचा कप. शेवटी जे तयार होतं ते लिहिणाऱ्या बाईंनी स्वतः चाखलं तरी त्यांना आपलं म्हणून ओळखता येणार नाही, पण ताटली मात्र चाटूनपुसून रिकामी होते.

माझ्या लेकीच्या मैत्रिणींसाठी त्यांनी एकदा पिझ्झा केला आणि वर भाजलेला सुका जवळा पेरला. मुलींनी नाकं मुरडली. मावशी म्हणाल्या, "खाऊन बगा गो, दर्यातलं चीज हाय." दहा मिनिटांत पोरी उरलेला जवळा नुसताच मागत होत्या.

घरत काका बंदरातून निवृत्त झालेले. बोलणं कमी. बायकोच्या प्रत्येक पदार्थावर त्यांचा एकच शेरा, "खपंल." मावशींना तो ऐकल्याशिवाय चैन पडत नाही आणि ऐकल्यावर राग येतो. चाळीस वर्षं हेच चाललंय म्हणे.

मागच्या दिवाळीत त्यांच्या मुलाने पुण्याहून ओव्हन आणला. चांगला मोठा, काचेच्या दाराचा. आईला तासभर बटणं समजावून गेला. महिन्याभराने मी सहज दार उघडलं तर आत सुके बोंबील ओळीने निजलेले. "दार घट्ट बसतं त्याचं," मावशी कौतुकाने म्हणाल्या. "मांजर शिरत नाय." मुलगा फोनवर विचारतो, आई, ओव्हन चालतो ना? त्या म्हणतात, "एकदम बेस."

केक मात्र जुन्याच टोपात. ॲल्युमिनियमचा, पोचे आलेला, तळाशी चार बोटं खडे मीठ. मीठ तापलं की त्यावर केकचा डबा ठेवायचा. वर्षानुवर्षं भाजून ते मीठ राखेच्या रंगाचं झालं होतं. ते मला बघवायचं नाही. मला स्वच्छतेचं वेड आहे, घरचे त्याला आजार म्हणतात.

मेमध्ये मावशी-काका भाचीच्या लग्नाला उरणला गेले. तीन दिवस, किल्ली माझ्याकडे, तुळशीला पाणी घालायला. शेवटच्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घातलं आणि माझी नजर टोपावर गेली. म्हटलं, येतील तेव्हा चकित होतील. टोप चिंचेने घासून आरशासारखा केला. दुकानातून पांढऱ्याशुभ्र खड्या मिठाच्या दोन पिशव्या आणून भरल्या. जुनं मीठ टाकायला जीव होईना. नारळाला मीठ मानवतं हे मावशींनीच मला शिकवलं होतं. तेव्हा ते खाली नेऊन गेटजवळच्या सोसायटीच्या नारळाच्या बुंध्याशी गोल पसरलं. वर येताना मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

त्याच दिवशी दुपार उतरता उतरता ती मंडळी परतली. दहाच मिनिटांत मावशी माझ्या दारात. एका हातात रिकामा टोप, दुसऱ्या हातात माझं मीठ परत ओतलेली पिशवी.

"यातलं मीठ कुठं हाय?"

मी हौसेने सगळं सांगितलं. मावशी चपलांच्या रॅकवर मटकन बसल्या.

"बाय, त्ये बाबांचं व्हतं गो."

मला काही कळेना. मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. उरणजवळ त्यांच्या वडलांचं मिठागर होतं. शेवटच्या वर्षी निघालेल्या मिठातलं पायलीभर वडलांनी लेकीला दिलं. पुढच्या उन्हाळ्यात आगरावर भराव पडला, आता तिथे कंटेनर उभे असतात. वडीलही त्याच वर्षी गेले.

"खाल्लं असतं तर सरलं असतं," मावशी म्हणाल्या. "म्हनून केकाखाली ठेवलं. कितीबी केक करा, मीठ हाय तेवढंच ऱ्हातं."

इतकी वर्षं केक खाताना मी कधी विचारलं नव्हतं, हे मीठ एवढं जुनं कशाला ठेवलंय. तेवढ्यात खालून नळ सोडल्याचा आवाज आला. आमचा वॉचमन साडेपाचला झाडांना पाणी घालतो. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

गुडघेदुखीने एरवी एकेक पायरी आडव्या उतरणाऱ्या मावशी तो जिना कशा उतरल्या ते मला सांगता येणार नाही. "ओ भाव! पानी बंद! बंद कर पानी!" त्यांचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेला असावा, कारण खिडक्या उघडल्या. पाइप जास्वंदीवर होता. पुढचं झाड नारळाचंच.

आम्ही दोघी मातीत बसलो, लेकीने वरून आणून दिलेल्या चमच्यांनी खडे उचलू लागलो. सेक्रेटरींच्या बायको धावत आल्या. "काय हरवलं? कानातलं?"

"मीठ," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं, पण चमचा घेऊन बसल्या. अंधार पडेस्तोवर अर्धा टोप भरला. त्यात माती, काड्या आणि बऱ्याच मुंग्या. ते पाहून मला रडूच आलं. "मावशी, हे आता धुणार कसं? पाण्यात विरघळेल ना!"

मावशी त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसल्या. "इरगलू दे की! मिठागरवाल्याची पोर हाय मी."

सकाळी त्यांनी ते सगळं बादलीभर पाण्यात विरघळवलं आणि जुन्या धोतरातून दोनदा गाळलं. माती कापडात राहिली. गच्चीवर विटांचा चौकोन मांडला, त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि पाणी ओतलं. पाच दिवस मेचं ऊन. मावशी छत्री घेऊन कबुतरं हाकत बसायच्या. तिसऱ्या दिवशी कडेला पांढरी साय धरली. चौथ्या दिवशी काकांनी कुणी न सांगता झाडूच्या दांड्याला आडवी फळी ठोकून आणून दिली, मिठागरात मीठ ओढायला असते तशी, आणि खाली गेले.

मावशींनी ती फळी दोन्ही हातांनी तोलून बघितली. "बाबा फली कुनाला देत नव्हते. आमी पोरी मिठाच्या पाट्या उचलायच्या," म्हणाल्या आणि मीठ ओढू लागल्या. हलक्या हाताने, पाणी न ढवळता. माझी लेक मोबाइलवर फोटो काढत होती. मावशींनी पदर नीट केला.

मीठ स्वच्छ निघालं, पण जेमतेम चार मुठी. टोपात घातल्यावर तळसुद्धा झाकेना.

"पुरत नाय," मावशी म्हणाल्या. "तुजं आन, पिशवीतलं."

"माझं कशाला त्यात?"

"आन गो. आपल्या मापानं करूया."

मी आणलं. त्यांनी दोन्ही मिठं हाताने कालवली, डबा ठेवला, झाकण लावलं आणि वेळ झाल्यावर टोपाशी वाकल्या. डोळे मिटलेले. केक कधीच गप्प झाला होता, वासावरून मलादेखील कळत होतं. मी गॅसच्या बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. मावशी तशाच ऐकत उभ्या होत्या.

केक खालून चांगलाच करपला. काकांनी दोन तुकडे खाल्ले, तिसरा उचलला आणि म्हणाले, "खपंल."