लाल ठिपक्याचा बोल्ट

आमचे आशागडचे शेजारी यशवंतकाका देवळात गेले की डावी चप्पल एका खांबापाशी काढतात आणि उजवी दुसऱ्यापाशी. चोराला जोडी मिळू नये म्हणून! शिवाय दोन्हींवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. तसाच ठिपका गॅसच्या सिलिंडरवर, चिकूच्या क्रेटवर आणि छत्रीच्या दांड्यावर. एकदा मी त्यांची शिडी उसनी आणली. परत घेताना त्यांनी आधी ठिपका निरखला, मग माझं तोंड निरखलं.

तलासरीकडच्या तपासणी नाक्यावर त्यांचा उभा जन्म ट्रकच्या ताडपत्र्या उचलून बघण्यात गेला. निवृत्त झाले, तरी सवय सुटली नाही. भाजीवालीने कोथिंबीर फुकट घातली तरी काका पुटपुटणार, "यात मेख आहे."

ठिपक्यांची सुरुवात मात्र काकींची. त्यांचं मोठं पातेलं गावातल्या प्रत्येक लग्नघरी जायचं. ते बिनघोर देता यावं म्हणून त्या त्याच्या बुडाला ठिपका लावायच्या. काकी गेल्या आणि बाटली काकांच्या हाती आली. मग घरात ठिपके वाढले आणि उसनं देणं बंद झालं.

२०१७च्या थंडीत काकांच्या जुन्या गाडीचा क्लच गेला. चारोटी नाक्यावरच्या भास्कर मेकॅनिकने तो बदलला. काका दिवसभर स्टूल टाकून पहाऱ्याला. गाडी खोलण्याआधी हात पोचेल त्या भागाला त्यांनी ठिपका लावला, आणि निघालेला जुना माल स्वतःच्या हाताने गोणीत भरून डिकीत टाकला. "हे लोक जुनंच पुसून नवीन म्हणून लावतात," हे त्यांनी मला भास्करच्या देखतच सांगितलं. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी घरी आली ती थरथरतच. काकांनी तपास सुरू केला. डॅशबोर्डवर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला, आणि तो सांडला की भरायला मागच्या सीटवर तांब्या घेऊन मी. पुढची डावी सीट रिकामी होती, पण तिथे बसायची सोय नव्हती. "तुझ्या वजनाने थरथर लपेल," काका म्हणाले. ती काकींची जागा होती, हे मला ठाऊक होतं. मी गुमान मागे बसलो.

गाडी उभी असतानाही पेल्यात बारीक लाटा. क्लच दाबला तरी लाटा तशाच. तिसऱ्या गिअरला पेला काकांच्या मांडीवर.

"क्लच दाबूनही हलतेय, म्हणजे दुखणं क्लचचं नाहीच," ओल्या लेंग्याने काका म्हणाले. "भास्करने दुसरंच काहीतरी काढून घेतलंय. मेख आहे!"

एवढं मनात ठेवतील तर ते काका कसले? फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी ते चारचौघांत जाहीर केलं. गावात बातमीला पाय फुटले. आमच्याकडचे लोक गाड्या घेऊन परस्पर डहाणूला जाऊ लागले. भास्करने मला फोन केला. "दादा, काकांना घेऊन या ना एकदा. माझं नाव जातंय इकडे."

आम्ही गेलो. गाडी वर उचलली. काका टॉर्च घेऊन खाली शिरले आणि एकेक ठिपका तपासू लागले. गिअरबॉक्स जिथे गाडीला आवळलेला असतो, तिथे एका बोल्टवर ठिपका नव्हता.

"पकडला!" काका गरजले. "माझा बोल्ट कुठाय?"

भास्करचा चेहरा उतरला. "काका, खरं सांगतो, बसवायच्या टायमाला तो भेटलाच नाय. सगळीकडे शोधला. तुम्हाला विचारला असता तर तुम्ही बोलले असते, भास्करने चोरला. म्हणून दुसरा लावला. जरा बारीक आहे."

थरथर तिथून येत होती तर! मी डिकीतली गोणी आणून फरशीवर उपडी केली. जुनी क्लच प्लेट घरंगळली आणि तिच्यामागून एक बोल्ट. डोक्यावर लाल ठिपका.

काकांनी वाकून तो उचलला. पहारा करताना त्यांनीच तो जुन्या मालात ओढला होता. मला हसू आवरेना, पण त्यांचा अंगठा त्या ठिपक्यावरून फिरताना पाहिला आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

भास्करने बोल्ट आवळला. काकांनी पुढचं डावं दार उघडलं. "बस."

"काका, कपडे तेलाचे आहेत."

"बस म्हणतो ना! थरथर आधी तिला कळायची. मला स्टिअरिंगवर काही कळत नाही."

भास्कर अंग चोरून बसला. आशागड फाट्यापर्यंत पेल्यातलं पाणी सांडलं नाही. काका थेट टपरीवर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बोल्ट माझ्याच गोणीत होता. याने काही घेतलं नव्हतं." मग भास्करला चहा सांगितला. माझा सांगायला विसरले.

भास्करला परत नाक्यावर सोडलं तेव्हा सीटवर तेलाचा मोठा डाग होता. मी घाईघाईने फडकं काढलं. काकांनी माझा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "रिकामी सीट फार थरथरते रे."