पुंजाजींची माशी

पुंजाजी माणसाच्या तोंडाकडे कधी पाहत नसत. कोंबड्याची मान, बैलाची शेपटी, बाईच्या लुगड्याचा काठ, एवढंच त्यांना दिसे. अमरावतीच्या आमच्या आळीत ते सकाळी बाहेर पडले की कोंबडा कुडावर चढून बसे. त्याच्या मानेची पिसं याआधी दोनदा गेली होती.

ते मूळचे शेंदूरजनाघाटचे माळी. संत्र्यांचा बगीचा भावांवर सोडून अकोल्याला एका इंजिनिअर साहेबाकडे पट्टेवाले म्हणून राहिले. साहेबाला मासे धरायचा नाद. गळाला पिसं आणि रेशीम बांधून त्याला किड्याचं सोंग द्यायचं, ते पाण्यावर सोडायचं आणि मासा भुलवायचा. पुंजाजी त्या सोंगाला ‘माशी’ म्हणत. मागच्या लढाईत विलायतेहून येणारा माल थांबला, साहेबाच्या माश्या संपल्या, आणि पुंजाजींनी घरी बसून पहिली माशी बांधली. बकरीचे केस, गोणपाटाचा धागा आणि बाभळीचा डिंक. साहेब पुढे विलायतेला गेला. पुंजाजी पेन्शनीत निघून अमरावतीला आले, पण माश्या बांधणं काही सुटलं नाही.

आळीला खटकत होतं ते वेगळंच. पुंजाजींच्या गळ्यात तुळशीची माळ. मासा ते खात नसत. महिन्यातून एकदा कौंडण्यपूरला नदीवर जात आणि रिकाम्या हाताने परत येत.

“मंग हे केसं न् पिसं कायले जमा करते हा?” समोरच्या गंगूबाई मला विचारत. “मास्तर, हे करनी हाय. म्या तं फनीतले केसं चुलीत घालनं सुरू केलं.”

एकदा त्यांनी पुंजाजींना रस्त्यातच गाठलं. “माह्या लुगड्याकडे काहून पाहून राह्यले?”

“रंग पाहून राह्यलो, बाई. कच्चा हाय. पान्यात गेला तं मासा हासन.”

कोणी कितीही बोललं तरी त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. “मासा पाह्यते, मानूस शक घेते.”

मीही त्याच माणसांतला. माझी पत्नी यमुना दीर्घ आजारात गेली, तेव्हापासून तिची पेटी मी उघडली नव्हती. वर्षश्राद्धाच्या आधी उघडली. तिच्या आवडीचा चोळीचा मोरपंखी खण अगदी वर होता, आणि त्याचा एक कोपरा कातरलेला होता. सुतकाच्या दिवसांत घर सताड उघडं असे. पुंजाजी रोज येऊन माजघराच्या दाराशी बसत. मला दुसरं कोणी सुचलंच नाही.

त्याच आठवड्यात गंगूबाईंच्या नातीला ताप आला आणि आळी जमली. पुंजाजींच्या घरात बाईचा एक जरी केस सापडला, तरी त्यांनी खोली खाली करायची, असं ठरलं. पाहून यायचं काम माझ्यावर आलं, कारण मास्तर खोटं बोलत नाही अशी माझी ख्याती. मी खण खिशात घालून निघालो.

पुंजाजी खिडकीशी बसले होते. समोर पाटावर सुपारीचा अडकित्ता, त्याच्या दांड्यांना सुतळी आवळलेली, आणि अडकित्त्याच्या तोंडात गळ. त्यावर ते मेण लावलेला धागा गुंडाळत होते. मी खण पुढे केला.

पहिल्यांदाच त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग तंबाखूचा डबा उघडून एक माशी माझ्या तळहातावर ठेवली. मोरपंखी अंगाची.

“मास्तरीनबाईनं सोता कापून देल्ला. अंथरुनावर बसून. तुमी शाळंत होते. म्हने, ‘पुंजाजी, मासा खरंच भुलते का?’ म्हटलं, ‘उठा तं खरं, कौंडन्यपूरले नेऊन दाखोतो.’”

“मग ही पाण्यात टाकली नाहीत?”

“त्यायनं उठाले पाह्यजे होतं ना अगोदर.”

मी गळाचं टोक चाचपलं. घासून बोथट केलेलं. डब्यातल्या सगळ्याच गळांचं तसंच. मासा येई, तोंड लावी आणि निघून जाई.

“त्यानं येऊन पाह्यलं, लय झालं,” पुंजाजी म्हणाले. “न्या हे. पन पेटीत नका ठेवू, मास्तर. पान्यात सोडा. बांधलेली माशी कोरडी ठेवू नाई.”

डब्याच्या तळाशी कापसात आणखी एक माशी होती. लांब, करड्या केसांची. धागा जुना होऊन पिवळा पडलेला. ती मात्र कधी भिजलेली दिसत नव्हती.

“आणि ही?”

“ते माह्या घरवालीचे केसं,” त्यांनी डबा मिटला. “ते राहू द्या.”

बाहेर आळी वाट पाहत उभी होती.

“सापडले का केसं, मास्तर?” गंगूबाईंनी विचारलं.

“सापडले,” मी म्हणालो. “बकरीचे आहेत.”

त्या बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. खिशात त्या मोरपंखी माशीवर माझी मूठ घट्ट मिटलेली होती. गळ बोथट होता म्हणून बरं.