दुखवट्याचा हुरडा

एका जंगलात सगळे प्राणी हळवे होते, फार म्हणजे फारच हळवे. हसू नका, बाळांनो. हळवं असणं सोपं काम नाही. त्यासाठी आधी दुसऱ्यावर संकट यावं लागतं, आणि ते बऱ्यापैकी लांब यावं लागतं.

तर एकदा तसं संकट आलं. सकाळी सकाळी कावळा वडाच्या शेंड्यावर बसून ओरडायला लागला, "सगळ्यात आधी आमच्याकडे! सगळ्यात आधी आमच्याकडे! समुद्रापलीकडच्या मुलखात डोंगर हलला! कडे कोसळले! हजारो घरटी गाडली गेली!"

जंगल हादरलं. चितळाच्या तोंडातला घास गळून पडला. गवा त्या जंगलाचा सरपंच. त्याने खाकरून घसा साफ केला आणि जड आवाजात विचारलं, "अरेरे! आपलं कोणी होतं का तिथं?"

"आपलं कोणी नाही," कावळा म्हणाला.

"हुश्श!" सगळं जंगल एकदम म्हणालं. चितळाने पडलेला घास उचलला. मग सगळे मोकळ्या मनाने दुःख करायला बसले.

आणि काय ते दुःख, काय सांगू तुम्हाला! जो तो वणव्यात जळालेल्या खोडाला अंग घासून काळाठिक्कर होऊन आला. अस्वल म्हणालं, "मी तर जन्मापासून दुखवट्यातच आहे." मोराने त्या दिवशीचा नाच रद्द केला, आणि रद्द कसा केला ते सगळ्यांना नाचून दाखवलं. घुबड पडलं विद्वान. ते म्हणालं, "दगडांच्या कपारीत घरं केल्यावर दुसरं काय होणार? मला विचारलं असतं तर सांगितलं असतं." पोपट म्हणाला, "त्या भोरड्या तिकडच्याच ना? दर हिवाळ्यात येऊन आपली ज्वारी फस्त करायच्या. भोगा म्हणावं आता!" हे बोलताना पोपटाच्या स्वतःच्या पायात ज्वारीचं कणीस होतं, पण ते जाऊ द्या.

दुःख असं रंगात आलं होतं, तेवढ्यात एक भोरडी वडाखाली येऊन धपकन पडली.

भोरडी बघितली आहे ना? साळुंकीएवढी असते, अंग गुलाबी, डोकं काळं. ही मात्र चोचीपासून शेपटीपर्यंत मातकट झाली होती. तिचं घरटं त्याच डोंगरात होतं. कडा कोसळला आणि तिची दोन पिल्लं एका कपारीत जिवंत राहिली. त्यांचा बाप मोडका पंख घेऊन कपारीच्या तोंडाशी बसला होता, वारा अडवत. खायला मात्र दाणा म्हणून उरला नव्हता. सगळं दगडांखाली गेलं होतं. म्हणून ती निघाली. दर हिवाळ्याला ज्या जंगलात राहिलो ते जंगल आपल्याला नाही म्हणणार नाही, एवढ्या एका भरवशावर तिने समुद्र ओलांडला होता.

कावळा पहिला पोहोचला. "कसं वाटतंय आपल्याला?"

"ज्वारी हवी आहे," भोरडी धापा टाकत म्हणाली.

"ते होईल हो. डोंगर हलला तेव्हा कसं वाटलं ते सांगा. जरा रडत सांगा. आणि इकडे उजेडाकडे तोंड करा."

"पिल्लं उपाशी आहेत माझी. थोडी ज्वारी मिळाली तर..."

"रडत नाही हो ही," कावळा मागे वळून म्हणाला. "नक्की तिकडचीच आहे ना?"

मग सभा भरली. हळव्या जंगलात सभेला कधी उशीर होत नाही. नदीवर नुकताच करकोच्यांचा थवा उतरला होता, तोही आला. हे करकोचे त्याच बाजूने आले होते. त्यांचा म्होरक्या फार बोलणारा नव्हता. तो म्हणाला, "वाट आमच्या पायाखालची, म्हणजे पंखाखालची आहे. आम्ही परत एक फेरी मारू. पण गाठोडं एकच नेऊ. ऊन कललं की निघायचं."

भोरडीच्या जिवात जीव आला. एक गाठोडं ज्वारी! तिची पिल्लंच काय, अख्खा कडा त्यावर तगला असता. ती म्हणाली, "दादा, त्यात फक्त ज्वारी भरा. दुसरं काही म्हणजे काही नको."

सगळ्यांनी कोठाराकडे बघितलं. कोठार ज्वारीने गच्च भरलेलं. दारात उंदीर, म्हणजे जंगलाचे कोठावळे, पोट सावरत उभे.

"हे धान्य आपत्तीसाठी राखून ठेवलेलं आहे," उंदीर म्हणाला.

"मग ही आपत्ती नाही का?" भोरडीने विचारलं.

"आहे ना. पण बाहेरची आहे."

सभेने माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड होता.

"पण म्हणून काय आपण हात आखडता घ्यायचा?" गवा गरजला. "छे! द्या! ज्याला जे जमेल ते द्या! आपलं जंगल कसं आहे ते जगाला कळू द्या!"

आणि बाळांनो, दान द्यायला अशी झुंबड उडाली की विचारू नका. नागाने कात दिली. "एकदाच अंगावर घातली आहे. घरात नुसती पडून होती," तो म्हणाला. चितळाने गळून पडलेली शिंगं आणली. मोराने झडलेली पिसं दिली, त्यातली बरी बरी आधी काढून घेऊन. तरसाने हाडं ठेवली आणि म्हणालं, "चघळलेली आहेत, पण चव आहे अजून." सुगरण पक्ष्याने बायकोने नापसंत केलेलं अर्धवट घरटं पुढे केलं. "तुमचं घर गेलं ना? हे घ्या. खाली जरा भोक आहे, तेवढं सांभाळून घ्या." वानर या सभेचा चिटणीस होता. त्याने काही दिलं नाही. त्याने गाठोड्यावर केळीचं मोठं पान बांधलं आणि त्यावर जंगलाचं नाव लिहिलं.

"अहो, पण मी कात घेऊन काय करू?" भोरडी काकुळतीला आली. "पिल्लं शिंगं कशी खातील? हे काढा ना. चार मुठी ज्वारी घाला."

चितळाचे डोळे भरून आले. "माझ्या डोक्यावरची होती ती," तो म्हणाला. "काळजावर दगड ठेवून दिली."

"घेणारीचे नखरे बघा!" पोपट म्हणाला.

करकोच्याने गाठोडं उचलून बघितलं आणि खाली ठेवलं. "आता यात दाणासुद्धा मावायचा नाही," तो म्हणाला.

तेव्हा भोरडीला रडू फुटलं. पण तोवर कावळा जेवायला गेला होता.

हो, जेवायला. दुखवट्याच्या सभेला लांबलांबची मंडळी येणार, त्यांना काय उपाशी पाठवायचं? कोठारामागच्या शेतातली कोवळी कणसं भाजून हुरड्याचा बेत केला होता. सोबत चिंचेचा कोळ होता, मध होता. उंदीर कोठावळे स्वतः आग्रह करत फिरत होते. "घ्या हो, लाजताय काय? दुःखात माणसाने खाल्लं पाहिजे!" जंगलातसुद्धा असंच म्हणतात.

भोरडी उंदरापुढे जाऊन उभी राहिली. "यातलं थोडं नेऊ का मी?"

"हे कार्यक्रमातलं आहे, ताई," उंदीर समजुतीने म्हणाला. "मदतीतलं नाही."

भोरडी मागे वळली. ती जेवणाऱ्यांच्या पायांमधून फिरायला लागली. गव्याच्या खुराशेजारी दाणा पडला होता, तो तिने टिपला. अस्वलाच्या मिशीतून गळलेला टिपला. वानराने चावून थुंकलेल्या कणसात तीनचार राहिले होते, तेही टिपले. एकही दाणा तिने गिळला नाही. तिला लाज वाटत होती. ज्या जंगलात ती थव्याने ऐटीत उतरायची, तिथे आज ती खरकटं वेचत होती. पण कपारीतली ती दोन उघडी तोंडं डोळ्यांपुढून हलत नव्हती, त्यामुळे ती वेचत राहिली.

ऊन कललं. मंडळी हात पुसून पुन्हा वडाखाली जमली. वानर झाडावर चढून म्हणाला, "आता भोरडीताई आभाराचे दोन शब्द बोलतील!"

टाळ्या झाल्या. कावळा अगदी समोर येऊन बसला.

भोरडी उभी राहिली. तिची चोच घशापर्यंत दाण्यांनी भरली होती. एक शब्द बोलली असती तरी सगळे दाणे मातीत गेले असते, आणि ऊन तर उतरत चाललं होतं. तिने मान खाली वाकवली. पुन्हा वाकवली, पार जमिनीला टेकवली.

"मान हलवून कसं चालेल? बोला, बोला!" गवा म्हणाला. "आम्ही ऐकतोय."

भोरडीने एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग पंख पसरले आणि ती उडाली.

आणि जंगलाला दुःख झालं. या वेळी खरंखुरं झालं. "एक शब्द नाही? एक शब्द?" मोर थरथरत होता. "हिच्यासाठी आम्ही अंगाला काळं फासून घेतलं!" अस्वल ओरडलं, जे जन्मापासून काळं होतं. नाग म्हणाला, "माझी कात आण रे इकडे." बघता बघता ज्याने त्याने गाठोड्यातून आपापली वस्तू ओढून काढली.

करकोच्याने रिकाम्या गाठोड्याकडे बघितलं. "आता जागा झाली आहे," तो म्हणाला. "ज्वारी भरता?"

उंदराने कोठाराला कडी घातली. करकोचे मग तसेच, रिकामेच, तिच्या मागे गेले.

त्या दिवशी जंगलाने एकमताने ठराव केला की यापुढे आभाराची खात्री पटल्याशिवाय कुणासाठीही हळहळायचं नाही.

काय म्हणता? पिल्लांचं काय झालं? मला काय माहीत, बाळांनो! त्या अख्ख्या जंगलात हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

तात्पर्य: संकटात सापडलेल्याने चोच नेहमी रिकामी ठेवावी. पिल्लं काय, पुन्हा होतील. देणाऱ्याचं मन एकदा दुखावलं की ते दुखावलंच.