जोगदंडकाकांचा पंप

जोगदंडकाकांच्या गाडीत पायाशी पाण्याने भरलेली पितळी कळशी असायची आणि त्यातला घोटही माणसाला मिळायचा नाही. मी पहिल्यांदा त्या गाडीत बसलो तो मे महिन्यात. घसा कोरडा पडला म्हणून कळशीवरचं फडकं उचललं, तर काका गाडी चालवता चालवता ओरडले, "ओ बँकवाले! ते त्याचं हाय!"

"कोणाचं?"

"पंपाचं."

मी तेव्हा बँकेत नवा लागलो होतो आणि औरंगाबादला काकांच्या समोरच्या घरात भाड्याने राहत होतो. काका गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर म्हशींना तोंडात नळकांडं घालून औषध पाजलं आणि निवृत्तीचे पैसे हातात पडले तशी एक म्हातारी गाडी विकत घेतली. गोल टपाची, काळी, दारं लोटली की मागच्या खिडकीची काच आपोआप खाली येणारी. हे सगळं चाललं असतं. चालत नव्हता तो पेट्रोलचा पंप. मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला पाजणं एवढंच त्याचं काम. पण ऊन तापलं की त्याच्यातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, पंप नुसता हवा चावत बसायचा, आणि गाडी दोन आचके देऊन उभी राहायची.

मग काका शांतपणे उतरायचे. बॉनेट उघडायचे. उलट्या हाताने पंपाला स्पर्श करायचे, जनावराचा कान बघतात तसा. "ताप हाय," म्हणायचे. कळशीतल्या पाण्यात फडकं भिजवून पंपावर घडी घालून ठेवायचे आणि बाजूला उकिडवे बसायचे. आपण काही बोलायला गेलो की एकच वाक्य: "जित्राब हाय. दमानं घ्यावं लागतं."

दम आम्हाला लागायचा. ढकलून.

गल्लीतले लोक पुढे पुढे हुशार झाले. काकांनी "चला, सोडतो" म्हटलं की प्रत्येकाला पायी चालण्याचे फायदे आठवायचे. समोरच्या देसाईबाई तर एकदा पाय मुरगळलेला असताना लंगडत गेल्या, पण बसल्या नाहीत.

या गाडीचा खरा हट्ट मला उशिरा कळला. काकांना सोयगावला जायचं होतं. तिथे सुलोचनाकाकूंची थोरली बहीण, आक्का, राहायची. काकूंची आई लहानपणीच गेली. आक्कानेच त्यांना वाढवलं आणि लग्नही लावून दिलं. ढोरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला पोरगी देतात का, म्हणून सगळे भाऊबंद रुसले होते. आक्का एकटी मांडवात उभी राहिली. आता ती अंथरुणाला खिळली होती. काकूंना एसटीत बसलं की शहर संपताच लागणारं हर्सूल यायच्या आत उलट्या व्हायच्या. तेव्हा काकांनी निरोप पाठवला होता: तुमच्या बहिणीला माझ्या मोटारीत बसवून आणतो.

निरोप पोचला. मोटार पोचेना.

काकू आदल्या दिवशी शेंगदाण्याचे लाडू करायच्या. सकाळी डबा मांडीवर घेऊन मागे बसायच्या. दुपारी फुलंब्रीच्या अलीकडे पलीकडे कुठेतरी पंप मान टाकायचा आणि संध्याकाळी एखाद्या ट्रकच्या मागे दोराने बांधून तिघे परत यायचे: काका, काकू आणि गाडी. लाडू गल्लीत वाटले जायचे. लाडू छान असायचे, पण ते हातात घेताना आम्हाला काकूंच्या तोंडाकडे बघवायचं नाही. काकू डबा घासून पालथा घालायच्या.

जिन्सीत यासीनमिस्त्रीचं गॅरेज होतं. काका गाडीसाठी तिथे जाऊन बसायचे, मीही सुटीच्या दिवशी सोबत जाई. यासीनने पंपातला रबरी पडदा बदलला. मग स्प्रिंग बदलली. मग भंगारातून दुसरा पंप आणून बसवला, तो पहिल्यापेक्षा आजारी निघाला. शेवटी तो बिचारा हात जोडून म्हणाला, "चचा, इस पंप पे तुम जित्ता पैसा डाले, उत्ते में अच्छी घोडी आ जाती थी. सीधी सोयगाव ले जाती."

"नवा टाक मग."

"नवा मुंबईसे मंगाना पडेगा." आणि त्याने किंमत सांगितली.

काका खाली पडलेल्या टायरवर बसले. बराच वेळ बसले. त्याच महिन्यात त्यांची कवळी करायची ठरली होती. पुढचे दात केव्हाच गेले होते, भाकरी दुधात कुस्करून खायचे.

"काका," मी म्हणालो, "भाड्याची जीप करा ना. एका दिवसात जाऊन याल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जीप नव्हे, बैलगाडी सुचवली होती. "भाड्याच्या गाडीत? आक्कानं चारचौघांत माझा हात धरला, बँकवाले. तिच्या दारात माझी गाडी उभी राह्यली पायजे. सगळ्या भावकीनं बघितली पायजे." मग यासीनला म्हणाले, "मागव. दात काय, पुढल्या वर्षी बी बसतील."

पंप यायला पावसाळा गेला, दिवाळीही गेली. मधून मधून सोयगावहून आक्काचा मुलगा भानुदास निरोप धाडायचा, "आई वाट बघती." काका उत्तर द्यायचे, "निघालोच म्हण."

अखेर पंप आला आणि बसला. गाडी अशी गुरगुरली की काकांनी बॉनेटवर थाप मारून तिला शाबासकी दिली. थंडीतल्या एका सकाळी आम्ही निघालो. ढकलायला माणूस हवा म्हणून मला घेतलं होतं. फुलंब्री मागे पडलं. काकूंनी काचेतून वळून पाहिलं, विश्वास बसेना त्यांचा. सिल्लोड गेलं. अजिंठ्याचा घाट गाडी हुंकारही न देता उतरली. काका त्या बोळक्या तोंडाने इतकं हसत होते की मीच रस्त्याकडे लक्ष ठेवून होतो.

सोयगावात काकांनी उगाच हॉर्न वाजवत गाडी दारात उभी केली. भावकी आली, पोरं टपाला हात लावू लागली. सगळं मनासारखं झालं. ओसरीत बाजेवर आक्का बसली होती, पाठीशी उशी लावून.

"आई, बघ कोन आलंय," भानुदास म्हणाला. "सुलोचनामावशी."

आक्काने काकूंकडे पाहिलं आणि गोड हसली. "बस गं बाई. कोनाची तू?"

"आक्का, मी. सुली."

"सुली व्हय?" आक्काला गंमत वाटली. "सुली यायचीय माझी. मोटारीत यायचीय. जावयानं मोटार घेतली. येती येती म्हणती अन् मधीच बंद पडती. पंप का काय म्हणत्यात, त्यो लई खराब हाय."

भानुदासने मान खाली घातली. "दिवाळीपासून असंच झालंय," तो पुटपुटला. "त्याआधी वळखत होती सगळ्यास्नी."

काकूंनी बहिणीचा हात हातात घेतला आणि तशाच बसून राहिल्या. आक्काने मग काकांकडे मोर्चा वळवला. "तुमी त्याच रस्त्यानं आलात न्हवं? कुठं उभी दिसली का मोटार?"

काकांनी दाराबाहेरच्या गाडीकडे पाहिलं. "व्हय," ते म्हणाले. "दिसली. निघालीय. येतीच आता."

"बरं झालं," आक्का म्हणाली, आणि दाराकडे बघत राहिली.

ऊन कलायच्या आत आम्ही निघालो. इंजिन एका सुरात चाललं होतं. सिल्लोड ओलांडल्यावर काकांनी आरशात एकदा मागे पाहिलं आणि एकाएकी गाडी कडेला घेऊन बंद केली. उतरले, बॉनेट उघडलं. मी सवयीने फडकं भिजवून पुढे गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"नको. पंप ठीक हाय."

"मग?"

"तिला रडायचंय," ते हळू आवाजात म्हणाले. "सोयगावपासून दाबून बसलीय. मी म्होरं असलो की रडत न्हाय ती. मला लागंल म्हणून."

आम्ही दोघे उघड्या बॉनेटखाली वाकून त्या नव्याकोऱ्या पंपाकडे बघत उभे राहिलो. मागून हुंदका ऐकू आला, मग दुसरा, मग ते थांबेचनात. "दिवाळीच्या आधी जीप केली असती..." काका म्हणाले. धोतराच्या सोग्याने त्यांनी पंप पुसला. तो स्वच्छच होता. पुन्हा पुसला.

बऱ्याच वेळाने गाडीतून काकूंचा जड झालेला आवाज आला. "झालं का हो?"

काकांनी मान वर केली नाही.

"न्हाय अजून," ते म्हणाले. "लागंल जरा येळ."