हौगांग स्टँडचे कंट्रोलर

या, अशा जवळ सरकून बसा. एवढ्या लांब बसायला मी काही भाषण करणार नाही. आणि आधी थोडं रागावून घेते, ते मुकाट्यानं ऐका. तुम्ही मंडळी सिंगापूरला येता, त्या पाणी सोडणाऱ्या सिंहापुढे उभं राहून फोटो काढता, लिटिल इंडियात डोसा खाता आणि विमानात बसून परत जाता. आमच्या हौगांगला, सिंगापूरच्याच एका उपनगरात, कुणी म्हणजे कुणी येत नाही. का, तर म्हणे तिथं बघण्यासारखं काय आहे? अहो, आमच्याकडे शेवाळेभाऊ आहेत!

भाऊंच्या घरी गॅसवर कुकर चढत नाही. तो 'फलाट क्रमांक दोनवर लागतो'. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा चहा टाकलेला होता, आणि आतून खणखणीत आवाज आला, "लक्ष द्यावे! आले आणि गवती चहामार्गे जाणारा चहा फलाट क्रमांक एकवरून सुटण्याच्या तयारीत आहे. बसून घ्यावे." मी दचकून खरंच बसले. त्यांची नात रिया गृहपाठातून मान वर न करता म्हणाली, "आजोबा, अनाउन्स नको ना, ला!" इथली पोरं कुठल्याही वाक्याला 'ला'चं शेपूट लावतात. पाठोपाठ ट्रे घेऊन भाऊ आले. सहा फूट उंच, खाकी रंगाचा बुशशर्ट, खिशाला पेन, डोक्याला तेल, आणि चेहरा असा की आत्ता विचारतील, पास दाखवा.

भाऊ साताऱ्याकडचे. तालुक्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे सगळे ज्याला कंट्रोलर म्हणतात ते. जाळीच्या खिडकीमागे माइक घेऊन बसायचं, कुठली गाडी कुठं लागली ते सांगायचं, आणि सुट्ट्या पैशांवरून पेटलेली भांडणं विझवायची. सगळी नोकरी त्या खिडकीत गेली. बायको गेल्यावर लेक शुभदा त्यांना इकडे घेऊन आली. शुभदा इथं शहरात, चायनाटाऊनजवळ, एका बँकेत हिशेबतपासणीचं काम करते. मी त्याच बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर मुलाकडे, ते चौथ्या मजल्यावर लेकीकडे. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना भाऊ. दोघंही इथं रिकामे, त्यामुळे ओळख व्हायला लिफ्टचे दोन फेरे पुरले.

आता आमच्या हौगांगची रचना अशी. जमिनीखाली एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, स्टेशन, आणि वर, लगेच शेजारी, बसगाड्यांचं इंटरचेंज. भाऊंच्या भाषेत खालचं ते 'तळघर' आणि वरचं ते 'स्टँड'. स्टँड पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणे ते अर्धा तास नुसते उभे होते. पानाची पिंक नाही, शेंगांची टरफलं नाहीत, फलाटावर झोपलेलं कुत्रं नाही. "ताई, स्टँड चांगलंय," ते म्हणाले, "पण अजून कुणी राहायला आल्यासारखं वाटत नाही." ड्रायव्हरला इथं कॅप्टन म्हणतात हे कळलं तेव्हा मात्र ते हळवे झाले. "आमच्या गायकवाड ड्रायव्हरला कुणी एकदा कॅप्टन म्हटलं असतं, तर घाटात त्यानं गाडी फुलासारखी नेली असती."

तळघराशी त्यांचं कधीच जमलं नाही. भाऊंचा धर्म एकच, माणसाला पोचवायला जायचं. घरी आलेला पाहुणा असो की तिसऱ्या मजल्यावरची ओळखीपुरती बाई असो, निघालं माणूस की भाऊ पायात चपला सरकवणार. गाडी दर दहा मिनिटांनी असली म्हणून काय झालं? आपलं माणूस गाडीत बसलं, खिडकीतून त्यानं हात केला, आपण हात केला, गाडी वळली, तेव्हा कुठं ते गेलं. शुभदाला रोज सकाळी पोचवायला ते सरकत्या जिन्यानं खाली जात, आणि तिकीट-गेटापाशी त्यांची वाट अडे. म्हणून एकदा त्यांनी काउंटरवरच्या चिनी बाईंकडे प्लॅटफॉर्म तिकीट मागितलं.

"वन प्लॅटफॉर्म तिकीट."

"अंकल, व्हेअर यू गोइंग?"

"नो गोइंग. डॉटर गोइंग. आय ओन्ली स्टँडिंग."

बाईंनी दोनदा विचारलं, मग शेजारच्या पोऱ्यासारख्या साहेबाला बोलावलं, मग तिघांनी मिळून नकाशा बघितला. नुसतं उभं राहायचं असं ठिकाण काही त्या नकाशात सापडेना. शेवटी भाऊ आपलं कार्ड टेकवून आत गेले. तर खाली काय? फलाटाला काचेची भिंत! गाडी काचेच्या आड येते, दोन्ही दारं एकदम उघडतात, एकदम मिटतात, आणि लेक काचेमागच्या काचेत हरवते. "हात करायचा तरी कुणाला, ताई? मी आपलाच चेहरा बघत उभा. आणि पोर तळघरातून गेली."

पण वरच्या स्टँडवर भाऊ म्हणजे राजा. मला लिटिल इंडियात कढीपत्ता आणि शेंगदाणे आणायला जायचं असलं की मी निमूट ट्रेननं जावं, वीस मिनिटांत पोचावं. तर नाही. "एकशे सत्तेचाळीस नंबरच्या बसनं जा. बाहेरचं दिसतं." मी रांगेत उभी, आणि भाऊ पुढे घुसून गाडीत चढलेले. खिडकीजवळच्या जागेवर रुमाल टाकून 'जागा धरली, ताई!' अशी आरोळी. गाडी रिकामी! चाळीस जागा, आणि आम्ही मिळून सहा माणसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मागून आलेल्या एका चिनी आजीबाईंनी रुमाल पाहिला, आदरानं मान हलवली आणि त्या पलीकडच्या जागेवर बसल्या. कारण इथं खाण्याच्या ठेल्यांपाशी टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवून लोक जागा धरतात, आणि ते पाकीट कुणी हलवत नाही. भाऊंना हे कळलं त्या दिवसापासून त्यांचं या देशाबद्दलचं मत कायमचं चांगलं झालं. "ताई, हे आपलेच लोक. फक्त रुमाल कागदाचा."

आणि याच एकशे सत्तेचाळीसपायी पुढं एक दिवस घोटाळा झाला. त्यात माझाही हात आहे, म्हणून सांगताना जरा जीभ जड होते.

संक्रांत जवळ आली होती. तीळ आणायला मी एकशे सत्तेचाळीसमध्ये बसले. भाऊ खाली उभे. त्या दिवशी मला सर्दी, डोळे जड, मी खिडकीला डोकं टेकलं आणि हात करायचा विसरले. गाडी हलली. भाऊंना वाटलं असणार, निरोप अर्धाच राहिला. ते कठड्याच्या फटीतून फलाटावर आले आणि गाडीच्या पत्र्यावर तळव्यानं दोन थापा मारल्या. धाड, धाड. आपल्याकडे याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. डबल बेल, सगळे बसले, जाऊ द्या!

इथं गाडी अशी थांबली की पुढच्या बाईची पिशवी माझ्या मांडीवर आली. कॅप्टनला वाटलं, दारात कुणी अडकलं. बिचारा दार उघडून घाबऱ्याघुबऱ्या खाली उतरला. भाऊ त्याला हातानं खुणावतायत, जा, जा! तो जात नाही. म्हणून भाऊंनी आणखी दोन थापा मारल्या. आता कॅप्टन गाडीखाली वाकून बघायला लागला. पिवळं जाकीट घातलेले सुपरवायझर धावत आले.

"अंकल! व्हाय यू नॉक?"

"नॉक मीन्स गो!"

"अंकल, हिअर नॉक मीन्स स्टॉप!"

"टू नॉक," भाऊंनी दोन बोटं दाखवली, "वन नॉक स्टॉप. टू नॉक गो. ऑल महाराष्ट्र सेम."

सुपरवायझर भला माणूस. ओरडला नाही. भाऊंना बाकावर बसवलं, पाणी दिलं, खिशातल्या चिठ्ठीवर शुभदाचा नंबर होता तिथं फोन लावला. मीही गाडीतून उतरून शेजारी बसले आणि 'अहो, ते चांगले आहेत,' एवढंच मराठीतून सांगत राहिले. तासाभरात शुभदा ऑफिसातून धावत आली. सुपरवायझरची तिनं दहा वेळा माफी मागितली. भाऊंशी एकच वाक्य बोलली, "बाबा, उद्यापासून स्टँडवर यायचं नाही. मला पोचवायलासुद्धा नाही."

झालं. चौथ्या मजल्यावरच्या सगळ्या गाड्या बंद पडल्या. चहा नुसता चहा झाला. रिया मला लिफ्टमध्ये म्हणाली, "आजी, आजोबा व्हेरी क्वाएट. आय डोन्ट लाइक." भाऊ सकाळी बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत दगडी बाकावर बसत. शुभदा समोरून स्टेशनकडे जाई, ते मान खाली घालून रुमालाची घडी घालत. चार घड्या, उलगडायचा, पुन्हा चार घड्या.

चौथ्या दिवशी मी तिळाचा लाडू घेऊन शेजारी बसले. म्हटलं, "भाऊ, एवढं काय मनाला लावून घेता? लेक आहे, रागावली."

त्यांनी लाडू हातात घेतला. मग म्हणाले, "ताई, शुभदा लग्न होऊन पहिल्यांदा इकडे यायला निघाली ना, ती आमच्याच स्टँडवरून. मुंबईची गाडी. मी रजा टाकलेली, पण ऐनवेळी दुसरा माणूस आजारी पडला आणि गावची यात्रा. स्टँड माणसांनी भरलेलं. माइक सोडता येईना. तिची गाडी फलाट क्रमांक तीनवर. खिडकीतून ती माझ्या जाळीकडे बघत होती. वीस पावलं होती, ताई. मोजलीयत नंतर. वीस. मी गेलो नाही. माइकवरून गाडी सोडली."

लाडू त्यांनी रुमालात गुंडाळला.

"गाडी सुटताना दोनदा पुकारायची, असा नियम. मी तीनदा पुकारली. तेवढंच केलं."

मला आता गप्प बसवत नाही हे तुम्हाला कळलंच असेल. संध्याकाळी मी चौथ्या मजल्यावर. शुभदा भेंडी चिरत होती. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मावशी, तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका. मला मीटिंगमध्ये फोन आला, 'युअर फादर इज विथ अस.' एवढंच. मला वाटलं, बाबा गाडीखाली आले. रस्ताभर तेच डोळ्यांपुढे. रागावू नको तर काय करू?"

"राग, अगं, रास्त आहे तुझा," मी म्हटलं. "पण मुंबईच्या गाडीचं तुला आठवतं का?"

सुरी थांबली. "न आठवायला काय झालं? आई खिडकीशी रडत होती, आणि बाबा माइकवर. आवाज अगदी सरकारी. मी कितीदा तरी नवऱ्याला बोलून दाखवलंय, की माझ्या बापानं मला फलाट नंबरानं निरोप दिला."

"किती वेळा पुकारली?"

"काय?"

"गाडी. दोनदा पुकारायचा नियम असतो म्हणे. त्यांनी तीनदा पुकारली."

"मी मोजलं नाही, मावशी," ती म्हणाली. मग भेंडी कढईत टाकली, झाकण ठेवलं, आणि मला म्हणाली, "तुमच्याकडे दही विरजणाला आहे का थोडं?" मी दही आणून दिलं आणि मनात म्हटलं, मालू, तुझं बोलणं सगळं कढईत गेलं.

शुक्रवारी सकाळी मी पालेभाजी आणायला खाली उतरले, तर दगडी बाकासमोर शुभदा उभी. ऑफिसचे कपडे, खांद्याला पर्स. आणि अगदी पॅसेंजरच्या आवाजात म्हणत होती, "ओ कंट्रोलर, एकशे सत्तेचाळीस लागली का?"

भाऊंनी वर बघितलं. "तुझं ऑफिस... ट्रेननं लवकर..."

"मला चायनाटाऊनला जायचंय. बसनंही जाता येतं. तास लागतो, लागू दे. जागा धरायला कुणी आहे का नाही तुमच्या स्टँडवर?"

मी भाजी विसरून मागोमाग गेले. कुणी विचारलं असतं तर सांगणार होते, मलाही तिकडेच कोथिंबीर घ्यायची आहे म्हणून. भाऊ पुढे, पण या खेपेला घुसले नाहीत. रांगेतून चढले, खिडकीच्या जागेवर रुमाल टाकला, लेक येऊन बसली, उतरले. पिवळ्या जाकिटातले सुपरवायझर लांबून बघत होते. भाऊंनी त्यांना सलाम केला आणि कठड्याच्या आत, रेषेच्या मागे उभे राहिले. दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत घट्ट धरलेले. ते हात सुटू नयेत म्हणून चाललेली त्यांची धडपड मला मागून स्पष्ट दिसत होती.

गाडी हलायच्या बेतात आली. शुभदानं हात केला. भाऊंचे हात पाठीमागेच. मग तिनं काय केलं माहीत आहे? आतून, खिडकीच्या काचेवर, बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं. टक, टक.

गाडी गेली.

ती वळणाआड होईपर्यंत भाऊ बघत राहिले. मग हलक्या आवाजात, माइक समोर असल्यासारखी मान वाकवून, म्हणाले, "सेरांगून रोडमार्गे चायनाटाऊनला जाणारी गाडी फलाटावरून सुटली आहे." पुन्हा म्हणाले. आणि पुन्हा. मी मोजलं.

तेव्हापासून शुभदा दर शुक्रवारी बसनं जाते. बाकीचे दिवस तळघर. चौथ्या मजल्यावर कुकर पुन्हा फलाट क्रमांक दोनवर लागतो, आणि रिया पुन्हा कुरकुरते.

म्हणून म्हणते, आता फार वाट बघायला लावू नका, लवकर हौगांगला या. जेवायला ज्वारीची भाकरी करीन. फक्त निघायची गाडी शुक्रवारी सकाळची धरू नका. बाकी कुठल्याही दिवशी भाऊ तुमच्यासाठी रुमाल घेऊन हजर असतील, पण शुक्रवारी सकाळी ते ड्युटीवर असतात.